छत्रांची वाट : तंजावूरच्या मराठा राज्यातील कमी पैशांचा प्रवास

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• अठराव्या व एकोणिसाव्या शतकात तंजावूरहून रामेश्वरला जाणाऱ्या सामान्य यात्रेकरूच्या प्रवासाचे स्वरूप सांगता येईल.
• ‘छत्र’ या संस्थेची रचना, तिची कामे आणि तिचे उत्पन्न स्पष्ट करता येईल.
• १७९९ च्या तहानंतर छत्रांवरून निर्माण झालेल्या प्रश्नाचे महत्त्व समजावून देता येईल.
• राजदरबारी कागद आणि प्रवाशाचे स्वतःचे लेखन या दोन प्रकारच्या साधनांतील फरक ओळखता येईल.

१. प्रस्तावना

तुमच्यापैकी अनेकांनी सुट्टीत थोड्या पैशांत प्रवास केला असेल. रेल्वेच्या साध्या डब्यातून गेला असाल, धर्मशाळेत किंवा गुरुद्वारात मुक्काम केला असेल. काही जण तर जुनी व्हॅन विकत घेतात, तिच्यात अंथरूण आणि शेगडी बसवतात आणि तीच आपले घर करून देश पाहायला निघतात. अशा प्रवासाचे वर्णन करताना आपण प्रवाशाच्या काटकसरीचे कौतुक करतो. त्याने कोठे पैसे वाचवले, काय सोबत नेले, कसे भागवले, हे आपण विचारतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारायला हवा. प्रवाशाने जो खर्च केला नाही, तो कोणी केला? रस्ता कोणी बांधला, विहीर कोणी खणली, फुकट जेवणातला तांदूळ कोणाच्या शेतात पिकला? प्रवास स्वस्त होतो याचा अर्थ त्याला खर्चच येत नाही असा नसतो. त्या खर्चाचा मोठा भाग दुसऱ्या कोणीतरी आधीच उचललेला असतो.

हा प्रश्न अभ्यासण्यासाठी तंजावूर हे फार चांगले ठिकाण आहे. येथील मराठा राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रांची एक साखळी उभारली. राज्य हातातून गेले तेव्हा या साखळीचे पुढे काय होणार, हा प्रश्न राजाने थेट ईस्ट इंडिया कंपनीपुढे मांडला. त्यामुळे गरीब प्रवाशाच्या प्रवासाचा हिशेब आपल्याला सरकारी कागदांत वाचायला मिळतो.

२. राज्य आणि वाट

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी (एकोजी) यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावूर ताब्यात घेतले. नायक राजांनंतर तेथे भोसले घराण्याची सत्ता सुरू झाली आणि ती १८५५ पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात टिकली. या घराण्यातील चार राजे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत : प्रतापसिंह (१७३९-१७६३), दुसरा तुळजाजी (१७६३-१७८७), दुसरा सरफोजी (१७९८-१८३२) आणि दुसरा शिवाजी (१८३२-१८५५).

तंजावूर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात आहे. भातशेती, कालवे आणि दाट वस्ती ही या भागाची ओळख. उत्तरेकडून रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंपैकी बरेच जण याच प्रदेशातून पुढे जात. काशीहून गंगाजल आणून रामेश्वराला अभिषेक करायचा आणि सेतूची वाळू काशीला न्यायची, ही परंपरा तुम्हाला माहीत असेल. त्यामुळे या वाटेवर तमिळ, तेलुगू, कानडी आणि मराठी बोलणारे यात्रेकरू तर असतच, शिवाय उत्तर हिंदुस्थानातील गोसावी आणि बैरागीही असत. मराठी यात्रेकरूला तंजावुरात आपल्या भाषेचा दरबार, मराठी कीर्तन आणि रामदासी मठ भेटत. घरापासून शेकडो कोस दूर आलेल्या माणसाला हा मोठाच आधार होता.

तंजावूरहून दक्षिणेला निघालेली वाट ओरत्तनाडू, पट्टुकोट्टै या गावांवरून समुद्रकिनाऱ्याकडे जाई. पुढे मणमेलकुडी, मिमिसल, तोंडी, देवीपट्टणम अशी गावे लागत. मिमिसलच्या पुढे रामनाथपुरमच्या सेतुपतींचा मुलूख सुरू होई. सेतुपती स्वतःला सेतूचे रक्षक मानत आणि त्यांनीही यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली होती. शेवटी पांबनची खाडी होडीने ओलांडली की रामेश्वर बेट येई.

आजच्या मापाने ही वाट साधारण सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरची आहे. पायी चालणारा माणूस दिवसाला २० किलोमीटर चालतो असे धरले, तर एका बाजूला ११ ते १२ दिवस लागतात. एका माणसाला रोज अर्धा किलो तांदूळ लागतो असे मानले, तर एवढ्या दिवसांसाठी सुमारे ६ किलो तांदूळ पाठीवर घ्यावा लागेल. त्यात भांडे, पांघरूण आणि पाण्याचा तांब्या आला. हे कसेबसे जमण्यासारखे आहे. पण काशीहून रामेश्वरपर्यंतचे अंतर २,००० किलोमीटरपेक्षा जास्त आहे. त्यासाठी शंभराहून अधिक दिवस लागतात आणि तेवढे धान्य कोणीही वाहून नेऊ शकत नाही. म्हणजे लांबच्या यात्रेकरूपुढे दोनच मार्ग उरतात : रोकड जवळ बाळगून वाटेत धान्य विकत घेणे, किंवा वाटेवर कोणीतरी जेवू घालील या भरवशावर निघणे. रोकड बाळगली तर चोराची भीती. म्हणून गरिबाच्या दृष्टीने, आणि कित्येकदा मध्यम स्थितीतील माणसाच्या दृष्टीनेही, दुसरा मार्ग महत्त्वाचा ठरे.

३. गाडी हेच घर

सगळेच यात्रेकरू पायी जात नसत. म्हातारी माणसे, लहान मुले आणि सामान यांच्यासाठी बैलगाडी असे. बांबूच्या कमानींवर तट्ट्या किंवा चटई घालून केलेले छत, खाली गवत आणि त्यावर सतरंजी, मागे टांगलेली भांडी, आसाजवळ वंगणाचे नळकांडे, अशी ही गाडी म्हणजे चालते घर होते. रात्री तिच्यातच किंवा तिच्याखाली झोपायचे आणि दगडांची चूल मांडून स्वयंपाक करायचा.

या चालत्या घराचा खर्चही समजून घ्या. बैलाला रोज वैरण आणि पाणी लागते. गाडी एका दिवसात फार तर माणसाच्या चालीएवढेच अंतर कापते. तिचा फायदा वेगात नसून ओझे वाहण्यात आहे. उन्हाळ्यात चाकाचे लाकूड आकसते आणि आरे ढिले होतात, त्यामुळे चाक पाण्यात भिजवून ठेवावे लागते. आस मोडला तर सुतार आणि लोहार शोधावा लागतो. नवी गाडी आणि तरणे बैल ज्यांना परवडत नसत, ते जुन्या गाडीवर आणि थकलेल्या बैलांवर निघत. अशा प्रवाशाचा वेग बैलाच्या दमावर ठरे आणि मुक्काम पाण्याच्या सोयीवर.

त्यातही तंजावूरचा प्रदेश गाडीला सोपा नव्हता. त्रिभुज प्रदेशात पावलापावलावर नदीचा फाटा किंवा कालवा आडवा येतो. येथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो, आणि तेव्हा भातखाचरांतल्या वाटा चिखलात बुडतात. किनाऱ्याजवळ चिखलाऐवजी वाळू लागते आणि वाळूत चाक रुतते. आजारी बैल किंवा मोडलेले चाक घेऊन पावसात अडकलेले कुटुंब डोळ्यांसमोर आणा. त्यांना फक्त एका वेळचे जेवण पुरणार नाही. त्यांना छप्पर, वैरण, औषध आणि चार दिवस थांबण्याची मुभा हवी आहे. छत्राची गरज नेमकी येथे निर्माण होते.

४. छत्र म्हणजे काय?

तमिळमध्ये ‘चत्तिरम्’ आणि मराठीत ‘छत्र’ किंवा ‘अन्नछत्र’ हे शब्द संस्कृत ‘सत्र’ या शब्दाशी जोडले जातात. महाराष्ट्रात धर्मशाळा म्हणजे मुक्कामाची जागा, सदावर्त म्हणजे शिधा वाटण्याची व्यवस्था आणि अन्नछत्र म्हणजे शिजवलेले अन्न देण्याची जागा, असा साधारण भेद केला जातो. तंजावूरच्या छत्रात ही तिन्ही कामे एकत्र येत, शिवाय शाळा आणि दवाखाना यांचीही भर पडे.

तंजावूरच्या पूर्वेस नीडामंगलम येथील यमुनांबाळ छत्र प्रतापसिंहाच्या काळाशी जोडले जाते. रामेश्वरच्या वाटेवर ओरत्तनाडू, राजामडम, मणमेलकुडी, मिमिसल येथे छत्रे होती. बहुतेक छत्रांना राजघराण्याशी संबंधित स्त्रियांची नावे दिलेली आढळतात. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधले. आपल्या नावाने अन्नदान चालावे अशी इच्छा मुक्तांबाळने मृत्यूपूर्वी व्यक्त केली होती, असे परंपरा सांगते. या इमारतीच्या दर्शनी भागाला हत्ती-घोडे ओढत असलेल्या रथाचे रूप दिलेले आहे. थकलेल्या वाटसरूसाठी बांधलेल्या घराला रथाचा आकार द्यावा, ही कल्पना लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ही छत्रे एकमेकांपासून एक-दोन मजलांच्या अंतरावर आहेत हे नकाशावर पाहिले की कळते. एकटे छत्र म्हणजे दानधर्म. पण ठरावीक अंतरावर उभी असलेली छत्रांची साखळी म्हणजे प्रवासाची व्यवस्था. ‘उद्या कोठे जेवू?’ या प्रश्नाचे उत्तर आधीच माहीत असल्यामुळे माणूस घरातून कमी पैसे घेऊन निघू शकतो. पश्चिम आशियातील व्यापारी मार्गांवरच्या कारवाँसराया किंवा युरोपातील यात्रामार्गांवर मठांनी चालवलेली विश्रामगृहे हीसुद्धा याच गरजेतून उभी राहिली.

५. १८०१ चे पत्र

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूर राज्यावर एकामागून एक संकटे आली. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या मदतीने राज्य घेतले. १७७६ मध्ये ते तुळजाजीला परत मिळाले. १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने प्रदेश उद्ध्वस्त केला. तुळजाजीनंतर अमरसिंह गादीवर आला. दत्तकपुत्र सरफोजीचा हक्क कंपनीने मान्य केला आणि १७९८ मध्ये त्याला गादीवर बसवले. पण या मदतीची किंमत मोठी होती. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावूरचा किल्ला व लगतचा भाग राहिला. त्याला दरवर्षी एक लाख होन आणि राज्याच्या निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळणार होता.

महसूल कंपनीकडे गेल्याबरोबर छत्रांचा प्रश्न उभा राहिला. छत्रांना लावून दिलेली गावे कोणाच्या ताब्यात राहणार? १८०१ मध्ये सरफोजीने कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला एक पत्र लिहिले. छत्रांचा कारभार आपल्याकडेच राहावा, हा त्या पत्राचा हेतू होता. राजाने त्यात छत्रांमध्ये काय चालते याची तपशीलवार माहिती दिली आहे. तिचा सारांश असा :

अन्न : ब्राह्मणापासून परैयर जातीच्या माणसापर्यंत सर्व वाटसरूंना, तसेच जोगी, जंगम, अतीत, बैरागी अशा सर्व पंथांच्या यात्रेकरूंना भात दिला जाई. शिजवलेले अन्न ज्यांना चालत नसे, त्यांना कोरडा शिधा मिळे.

रात्रीची घंटा : अन्नवाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून, कोणी जेवायचे राहिले असेल तर त्याने यावे, अशी हाक दिली जाई.

मुक्काम : अडचणीमुळे पुढे जाऊ न शकणाऱ्या प्रवाशाला तो थांबेल तोवर जेवण मिळे.

औषधपाणी : रोग, सूज आणि विषारी दंश यांवर उपचार करणारे वैद्य असत. आजारी प्रवाशाला पथ्याचे अन्न मिळे.

स्त्रिया व बालके : लहान मुलांना दूध मिळे. गरोदर स्त्री छत्रात बाळंत झाली तर बाळंतपणाचा खर्च छत्र करी आणि तिला तीन महिने राहता येई.

अनाथ मुले : परक्या प्रवाशांची अनाथ झालेली मुले पंतोजीच्या देखरेखीखाली ठेवली जात. त्यांचे जेवण, कपडे आणि शिक्षण छत्राकडे असे. पुढे लग्नाचा खर्चही केला जाई.

मृत्यू : वाटेत मरण पावलेल्याचे अंत्यसंस्कार त्याच्या त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे केले जात.

ही यादी पुन्हा एकदा वाचा, पण या वेळी प्रवाशाच्या बाजूने. लांबच्या वाटेवर माणसाला ज्या ज्या गोष्टींची भीती वाटते, त्या सगळ्या तिच्यात आल्या आहेत : उपास, उशीर, पाऊस, आजार, साप, बाळंतपण, पोरकेपण आणि परमुलखातले मरण. आज आपण प्रवासाला निघताना विमा काढतो. येथे विम्याचा हप्ता भरणारा मात्र प्रवासी नव्हता.

६. हप्ता कोण भरत होते?

छत्रांचा खर्च मुख्यतः त्यांना लावून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून चाले. राजा एखादे गाव छत्राला देई, म्हणजे त्या गावचा सरकारी वाटा तिजोरीत न जाता छत्राच्या कोठारात जाई. तंजावूरमध्ये मुख्य पीक भाताचे, त्यामुळे उत्पन्न आणि खर्च दोन्ही धान्यातच होत. वाटसरूच्या पानात पडणारा भात असा थेट आसपासच्या शिवारातून येई.

पण त्या शिवारात राबत कोण होते? कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात जमिनीची मालकी मिरासदारांकडे होती आणि शेतातले कष्टाचे काम बहुतांशी पन्नैयाळ करत. पन्नैयाळ म्हणजे मिरासदाराच्या शेतीशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले मजूर. त्यांतले बरेचसे ‘अस्पृश्य’ मानलेल्या जातींचे होते. छत्राच्या दारी त्यांच्या जातीच्या वाटसरूलाही भात मिळे, असे राजाचे पत्र सांगते. परंतु जो मजूर मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडू शकत नव्हता, त्याच्यासाठी महिनाभराची रामेश्वर यात्रा जवळजवळ अशक्यच होती. प्रवास स्वस्त करणाऱ्याला प्रवासाची मोकळीक असेलच असे नाही, हे या उदाहरणावरून शिकायचे.

दुसरी गोष्ट जातिभेदाची. सर्वांना अन्न मिळे याचा अर्थ सर्व एका पंगतीत बसत असा नाही. शिजवलेले अन्न आणि कोरडा शिधा अशी विभागणी होती, अंत्यसंस्कारही जातीनुसार होत. छत्राचे दार सर्वांना उघडे होते. दाराच्या आत समाजाची उतरंड कायम होती. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. परीक्षेत उत्तर लिहितानाही त्यांतले एक गाळू नका.

मग राजाने कंपनीपुढे एवढा आग्रह का धरला? तंजावूरची कीर्ती दानधर्मामुळे आहे आणि तीच आपली प्रतिष्ठा आहे, अशी त्याच्या पत्रातली भूमिका होती. सैन्य गेले, महसूल गेला, न्यायनिवाडा गेला. उरलेल्या सत्तेत लोकांना दिसणारी गोष्ट एकच होती : राजाच्या नावाने भुकेल्याला अन्न मिळते. म्हणून छत्र हे सरफोजीच्या दृष्टीने धर्मकृत्य होते आणि राजेपणाची शेवटची खूणही. छत्रांचा कारभार पुढे राजाकडे राहिला.

७. राजाची यात्रा आणि भिक्षुकाची यात्रा

सरफोजी स्वतः १८२०-२२ या काळात काशीयात्रेला गेला. त्याच्यासोबत सुमारे ३,००० माणसे होती असे सांगितले जाते. वाटेत तळ पडत, दानधर्म होई. या यात्रेहून परतताना सरस्वती महाल ग्रंथालयासाठी हस्तलिखितेही आणली गेली. राजाची यात्रा म्हणजे चालते शहरच होते. वाटेने त्याला पोसायचे नसून त्याने वाटेला पोसायचे होते.

मद्रासच्या सुप्रीम कोर्टातील दुभाषी एनुगुल वीरास्वामी १८३० मध्ये काशीयात्रेला निघाले आणि १८३१ मध्ये परतले. सोबत सुमारे शंभर माणसे होती. त्यांनी तेलुगूत लिहिलेल्या वृत्तांतात मुक्कामाची गावे, रस्ते, पाणी, बाजारात काय मिळते याच्या बारीक नोंदी आहेत. सुस्थितीतील प्रवाशालाही या गोष्टींची रोज चिंता करावी लागे, हे त्यातून कळते.

तिसरे उदाहरण महाराष्ट्रातले. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते आणि उत्तरेत मोठ्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेत त्यांना १८५७ च्या उठावाने गाठले. मिळालेली दक्षिणा लुटली गेली, झाशीच्या वेढ्यात जीव धोक्यात आला. शेवटी ते गंगाजलाची कावड घेऊन घरी परतले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. गरीब भिक्षुकाने प्रवासात भागवायचे कसे, हे या पुस्तकातून समजते : ओळखीचा ब्राह्मण शोधायचा, पूजा-पाठ करून दक्षिणा मिळवायची, मिळेल तेथे राहायचे. कमी पैशांत प्रवास करणाऱ्याचे खरे भांडवल म्हणजे त्याची ओळख, त्याची जात आणि त्याची विद्या. ज्याच्याकडे हे नाही, त्याला छत्रासारख्या संस्थेशिवाय दुसरा आधार नव्हता.

८. साधने कशी वाचावीत?

या विषयाची साधने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार राजदरबारी कागदांचा. तंजावूर दरबाराचे मोडी लिपीतील मराठी कागद मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत आणि तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील बऱ्याच कागदांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले आहे. दुसरा प्रकार इमारती व शिलालेखांचा. बृहदीश्वर मंदिरात सरफोजीने १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तिसरा प्रकार प्रवाशांच्या लेखनाचा.

पहिल्या दोन प्रकारांत दाता बोलतो. १८०१ चे पत्र हा एक अर्ज आहे. अर्जदार आपल्या संस्थेचे सर्वोत्तम रूपच मांडणार. म्हणून त्यातील प्रत्येक गोष्ट प्रत्येक छत्रात रोज घडत होती असे गृहीत धरू नये. पण त्या पत्राला काही किंमत नाही असेही म्हणू नये. छत्राने काय करायला हवे, याची त्या काळची अपेक्षा त्यातून निश्चितपणे कळते. बाळंतिणीला तीन महिने ठेवणे ही कर्तव्याची बाब मानली गेली, हेच मोठे ऐतिहासिक सत्य आहे.

तिसऱ्या प्रकारात घेणारा बोलतो, पण तोही लिहिता-वाचता आलेला. छत्रात येऊन जेवलेल्या हजारो लोकांपैकी स्त्रिया, मजूर, अनाथ मुले यांचे स्वतःचे शब्द या साधनांत क्वचितच भेटतात. त्यांचे अस्तित्व आपल्याला दुधाच्या, औषधाच्या आणि शिध्याच्या खर्चावरून ओळखावे लागते.

९. आगगाडी आल्यानंतर

१८५५ मध्ये दुसरा शिवाजी पुरुष वारस न ठेवता वारला आणि कंपनीने राज्य खालसा केले. छत्रांचा कारभार सरकारकडे व नंतर स्थानिक मंडळांकडे गेला. त्याच सुमारास प्रवासाचे साधनही बदलत होते. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीस नागपट्टणम–तंजावूर–तिरुचिरापल्ली रेल्वे सुरू झाली. १९०२ मध्ये मदुराईहून मंडपमपर्यंत रूळ पोहोचले आणि १९१४ मध्ये पांबनचा पूल खुला झाला. बारा दिवसांची वाट आता तासांवर आली.

याचा परिणाम दुहेरी झाला. यात्रा करणाऱ्यांची संख्या वाढली. पूर्वी जे घराबाहेर पडू शकत नव्हते तेही निघाले. पण खर्चाचे स्वरूप पालटले. छत्राच्या वाटेवर वेळ आणि श्रम प्रवाशाचे असत, अन्न दुसऱ्याचे असे. आगगाडीत तिकिटाचे पैसे रोख मोजावे लागत. तिसऱ्या वर्गातील प्रवाशाचे हाल किती होतात, यावर गांधीजींनी १९१७ मध्ये लिहिले. दरम्यान किनाऱ्याच्या वाटेवरची रहदारी आटली आणि तेथील छत्रांना वाटसरूच उरले नाहीत. जमिनी होत्या, उत्पन्न होते, पण ज्याच्यासाठी ते ठेवले होते तो माणूस दुसऱ्या वाटेने निघून गेला होता.

मग त्या उत्पन्नाचे काय करायचे? १९२० च्या दशकात जस्टिस पक्षाचे नेते ए. टी. पन्नीरसेल्वम तंजावूर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष होते. छत्रांच्या निधीचा लाभ ब्राह्मणेतर गरीब विद्यार्थ्यांनाही मिळावा यासाठी त्यांनी प्रयत्न केले आणि ओरत्तनाडू व राजामडम येथील वसतिगृहे या विद्यार्थ्यांना उपयोगी पडली. अनाथ मुलांना शिकवण्याचे काम छत्रांच्या मूळ व्यवस्थेत होतेच. वाटसरू कमी झाल्यावर तेच काम पुढे आले. शिकण्यासाठी गाव सोडून आलेला मुलगा हा नव्या काळातला प्रवासी होता.

१०. समारोप

तंजावूरच्या छत्रांवरून तीन निष्कर्ष काढता येतात. एक, कमी पैशांचा प्रवास व्यक्तीच्या काटकसरीपेक्षा वाटेवरच्या संस्थांवर अधिक अवलंबून असतो. दोन, अशा संस्थेचा खर्च जमीन, महसूल आणि श्रम यांतून येतो, म्हणून राज्याच्या महसुलाचा मालक बदलला की गरिबाचा प्रवास लगेच धोक्यात येतो. १७९९ नंतरचा वाद हेच दाखवतो. तीन, प्रवासाचे साधन बदलले तरी अशा संस्थेचा निधी संपत नाही. तो पुढे कोणासाठी वापरायचा यावर समाजात नव्याने झगडा होतो.

तुम्ही पुढच्या वेळी थोड्या पैशांत लांब जाल, तेव्हा पाणपोई, धर्मशाळा, लंगर किंवा शासकीय वसतिगृह यांपैकी कशाचा तरी आधार घ्याल. ती जागा कोणी, कधी आणि कशाच्या उत्पन्नातून उभारली, हे तेथील पाटीवर बहुधा लिहिलेले असते. पाटीवर ज्यांची नावे नाहीत त्यांचा वाटा शोधणे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम.

पारिभाषिक शब्द

छत्र : प्रवाशांना अन्न, मुक्काम व इतर मदत देणारी, जमिनीच्या उत्पन्नावर चालणारी संस्था.
शिधा : न शिजवलेले धान्य, डाळ, मीठ-मसाला इत्यादी.
मजल : एका दिवसात चालून जाण्याचे अंतर.
मिरासदार : वंशपरंपरागत जमीनहक्क असलेला.
पन्नैयाळ : तंजावूर भागातील मिरासदाराच्या शेतीशी बांधलेला मजूर.
रेसिडेंट : संस्थानाच्या दरबारी नेमलेला कंपनीचा प्रतिनिधी.

स्वाध्याय

१. रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांना ‘साखळी’ का म्हटले आहे, ते स्पष्ट करा.
२. १७९९ च्या तहामुळे छत्रांचा प्रश्न कसा निर्माण झाला?
३. ‘छत्राचे दार सर्वांना उघडे होते, दाराच्या आत समाजाची उतरंड कायम होती.’ या विधानाची चर्चा करा.
४. सरफोजी, वीरास्वामी आणि विष्णुभट गोडसे यांच्या यात्रांची तुलना करा. प्रत्येकाच्या प्रवासाचा खर्च कोणी उचलला?
५. तुमच्या गावाजवळील एखादी जुनी धर्मशाळा, सराई किंवा पाणपोई पाहा. ती कोणी बांधली, तिचे उत्पन्न काय होते आणि आज तिचा उपयोग काय होतो, यावर दोन पानांची टीप तयार करा.